वैनगंगेच्या काठाने सिरोंच्याला: पोरींच्या विश्वचषकासोबत एक प्रवास

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५: नागपूर, भिवापूर, गडचिरोली

त्या आठवड्यात नागपुरात क्रिकेट म्हटलं की एकच विषय होता. ६ फेब्रुवारीला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना, आणि त्याची तिकिटं कोणाला मिळाली, कोणाला नाही. आमच्या घरात मात्र भाचीने कपाटाच्या दारावर वेगळंच वेळापत्रक चिकटवलं होतं. १८ जानेवारीपासून मलेशियात १९ वर्षांखालील मुलींचा टी-२० विश्वचषक चालू होता. सोळा संघ, त्यात नायजेरिया, सामोआ, नेपाळ असे पहिल्यांदाच आलेले. नायजेरियाच्या मुलींनी न्यूझीलंडला २ धावांनी हरवलं तेव्हा ही आनंदाने घरभर नाचली होती. ती अकरावीत आहे आणि डावखुरी फिरकी टाकते. भारतीय संघात आयुषी शुक्ला, पारुणिका सिसोदिया आणि वैष्णवी शर्मा अशा तीन-तीन डावखुऱ्या फिरकीपटू होत्या, त्यामुळे हा संघ तिला खास आपला वाटत होता. वैष्णवीने पहिल्याच सामन्यात हॅटट्रिक घेऊन मलेशियाला ३१ धावांत गुंडाळलं, ५ धावांत ५ बळी. तो व्हिडिओ आमच्याकडे जेवताना, झोपताना, सारखा चालू असायचा.

माझी कॉलेजची मैत्रीण गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला शिक्षिका आहे. कधीपासून बोलावत होती. म्हटलं, चला, उपांत्य सामना वाटेत आणि अंतिम सामना तिच्या घरी. दादाने गाडी काढली आणि उमरेड रोडने निघालो.

भिवापूर आलं ते नाकाला आधी कळलं. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि या दिवसांत गावाबाहेरचे सातरे, म्हणजे मिरची वाळवायच्या जागा, लाल होऊन जातात. ताडपत्र्यांवर मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती तोंडाला ओढणी बांधून देठं खुडणाऱ्या बायका. दादाला घरासाठी मिरची घ्यायची होती. आम्ही उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. भाचीने मोबाइल उघडून एका पोत्याला टेकवला. इंग्लंडची फलंदाजी चालू होती. जेवणाची सुट्टी झाली तशा दोन-तीन बायका डबे घेऊन जवळ सरकल्या.

"कोनाची मॅच होय जी?"

"आपल्या पोरींची मावशी. इंग्लंडसंगं."

"पोरींची? किती वर्साच्या हायेत?"

भाचीने कमलिनीबद्दल सांगितलं. तामिळनाडूची, सोळा वर्षांची, महिला प्रीमियर लीगच्या डिसेंबरमधल्या लिलावात मुंबईच्या संघाने तिला १ कोटी ६० लाखांना घेतलंय. मला वाटलं बाई पैशाबद्दल विचारेल. तिने भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला आणि म्हणाली, "अन् तिच्या मायबापानं जाऊ देलं?" मग थोडं थांबून, "माही बी सोळाचीच हाये."

मोठ्या बायकांचा विश्वचषक गावात पोचतो तो टीव्हीवरच्या चेहऱ्यांमधून, कौतुकाने. त्या ताऱ्याच आहेत. या स्पर्धेतल्या पोरी मात्र दहावी-बारावीच्या वयाच्या. प्रत्येक बाई त्यांच्या वयाशी आपल्या घरातल्या पोरीचं वय लावून बघते. पुढच्या प्रवासात जिथे जिथे मोबाइल उघडला तिथे पहिला प्रश्न वयाचाच आला, आणि म्हणूनच मला ही स्पर्धा गावासाठी जास्त महत्त्वाची वाटायला लागली.

इंग्लंडला ११३ वर रोखलं. आपला डाव आम्ही नागभीडच्या पुढे गाडीतच, नेटवर्क येईल तसा पाहिला. कमलिनी नाबाद ५६, पंधरा षटकांत ९ गडी राखून विजय. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा पूल लागला तेव्हा भाची खिडकीतून नदीला ओरडून सांगत होती, "फायनल! फायनल!"

गडचिरोलीत मुक्काम. संध्याकाळी सगळ्या पानठेल्यांवर पुण्यातला पुरुषांचा टी-२० सामना लागला होता.

*जाणाऱ्यांसाठी:* उमरेड ते ब्रह्मपुरी हा पट्टा वाघांचा आहे. रस्त्यात कुठेही उतरून झुडपात जाऊ नका. भिवापूरची मिरची घेताना देठ काढलेली आणि देठासह, दोन्हींचे भाव विचारा. एसटीने जाणार असाल तर बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि नागपूरहून गडचिरोलीला गाड्या भरपूर.

शनिवार, १ फेब्रुवारी: मार्कंडा, चपराळा, आलापल्ली

आज सामना नव्हता. दिवस नदीसाठी ठेवला.

मार्कंड्याला पहाटे पोचलो. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि काठावर दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या सकाळी धुकं होतं, पाण्यावर दोन डोंगे होते आणि मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती दवाने ओल्या झाल्या होत्या. एवढं कोरीवकाम, एवढं जवळून, कुणी हटकत नाही, घाई करत नाही. विदर्भातल्या माणसाने खजुराहोला जाण्याआधी इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

चामोर्शीच्या बाजूला धान कापून झालेलं. बांध्यांमध्ये लाखोळी उभी होती, निळी-जांभळी फुलं. गावोगावी झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं: रात्रीचं नाटक, दिवसा शंकरपट. एका गावाबाहेर रिकाम्या बांधीत पोरं क्रिकेट खेळत होती आणि धुऱ्यावर तीन पोरी बॉल आणून देण्यासाठी उभ्या होत्या. भाचीने गाडी थांबवायला लावली. पोरांशी काहीतरी बोलली आणि त्या तिघींना एक-एक षटक मिळवून दिलं. एकीचा पहिलाच बॉल सरळ यष्टीवर गेला. ज्याची यष्टी गेली तो पोरगा "पुन्हा टाक" म्हणाला, तर ती म्हणाली, "काऊन? आऊट म्हंजे आऊट." मी आणि दादा गाडीतून टाळ्या वाजवत होतो.

आष्टीजवळ लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि दीड तास गेला. त्याबद्दल एवढंच: या रस्त्यावर वेळेचा हिशेब सैल ठेवा, आणि दुचाकीवर असाल तर फार जपून जा.

चपराळ्याला वर्धा नदी येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढे दोघींची प्राणहिता होते. काल पुलावरून पाहिलेलं पाणी आज रुंद, शांत झालं होतं. दुपारचं ऊन कडक होतं, पण सागाच्या जंगलात शिरलो आणि अंगावर काटा आला, इतका गारवा. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड याच भागातून गेलं. वनविभागाने 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून राखलेला जुन्या झाडांचा तुकडा भामरागडच्या रस्त्यावर आहे. वर पाहता पाहता मान दुखते, एवढे उंच साग.

ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या काकूंनी रात्री भात, लाखोळीचं वरण, वाळलेले झिंगे टाकून वांग्याची भाजी आणि वर ठेचा वाढला. भाची झिंगे खात नाही म्हणाली, आणि दुसऱ्यांदा तिनेच मागून घेतले. काकूंची मुलगी बारावीला. ११ तारखेपासून पेपर, सध्या प्रात्यक्षिकं चालू. "खेळते का?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आठवीपर्यंत कबड्डी खेळायची. मग नाही." कारण कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. या जिल्ह्यात आठवी-नववीनंतर मुलींच्या खेळाचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मैदान लांब, शाळा लांब, घरी यायला अंधार.

*जाणाऱ्यांसाठी:* पेट्रोल आलापल्लीतच भरून घ्या. रोख पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवा. पुढे रेपनपल्लीहून कमलापूरच्या हत्ती कॅम्पला फाटा फुटतो. आम्हाला वेळ नव्हता, तुम्ही अर्धा दिवस ठेवा.

रविवार, २ फेब्रुवारी: सिरोंचा

आलापल्ली ते सिरोंचा अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता असा की उजाडताच निघालो. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा, बामणी. पळसाला कुठे कुठे कळ्या धरलेल्या. जिमलगट्ट्याच्या पुढे पाट्यांवर तेलुगू दिसायला लागलं आणि चहाच्या टपरीवर इडली. दहाच्या सुमारास मैत्रिणीच्या दारात उभे राहिलो तेव्हा आमच्या केसांवर, भुवयांवर लाल धूळ होती. तिने आधी बादलीभर गरम पाणी दिलं आणि मग गळ्यात पडली.

वसंत पंचमी होती. शेजारून पुलिहोरा आला, चिंचेचा आंबट भात, शेंगदाणे घातलेला. मैत्रिणीने आंबाडीची चटणी केली होती, डाळ आणि प्राणहितेचा मासा. सिरोंच्यात घराघरात तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. नागपूर इथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, हैदराबाद त्यापेक्षा जवळ. आजारी माणसाला लोक पूल ओलांडून तिकडेच नेतात.

बाराला सामना सुरू झाला तेव्हा खोलीत मैत्रिणीच्या शाळेतल्या सात-आठ मुली, दोन आया आणि शेजारची एक आजी. दक्षिण आफ्रिकेने पहिली फलंदाजी घेतली. आणि मग आपल्या फिरकीने जे केलं ते पाहायला भाची टीव्हीला नाक लावून बसली होती. पारुणिका, आयुषी, वैष्णवी, प्रत्येकी दोन बळी. जलदगती शबनमला एक. आणि लेगस्पिन टाकणाऱ्या गोंगडी त्रिशाला १५ धावांत तीन. वीस षटकांत सगळा संघ ८२ वर.

त्रिशा बॉल हातात घेऊन आली तेव्हा समालोचकाने तिच्या गावाचं नाव घेतलं, आणि खोलीतली हवाच बदलली. भद्राचलम! आजी एकदम सरळ बसल्या. रामनवमीला तिथे सीतारामाचं लग्न लागतं, त्या किती वेळा जाऊन आल्या, ते तेलुगूत सांगायला लागल्या. आणि भिंतीला टेकून बसलेली एक आई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "भद्राचलमले तं आमी मिरची तोडाले जातो. खम्मम, भद्राचलम, तिकडंच. आता पंधरा दिवसानं निघू."

ही दरवर्षीची गोष्ट आहे. फेब्रुवारी-मार्चला चंद्रपूर-गडचिरोलीतली गावंच्या गावं तेलंगणात मिरची तोडायला जातात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. भिवापूरच्या सातऱ्यापासून इथपर्यंत आमच्या वाटेत मिरचीच होती, आणि ज्या मातीत ही बाई वाकून मिरची तोडते तिथली पोरगी क्वालालंपूरजवळ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बॉल टाकत होती. मैत्रीण इतिहास शिकवते. तिने सांगितलं की १८७४ पर्यंत भद्राचलमचा मुलूखही मध्य प्रांतात होता आणि त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण सिरोंचा होतं. म्हणजे त्रिशाच्या गावाचा कारभार एकेकाळी इथून चालायचा! मुलींना हे फार आवडलं. त्यांनी लगेच तिला सिरोंच्याची करून टाकलं.

डावांच्या मधल्या वेळेत भाचीने त्रिशाची हकिकत सांगितली. याच स्पर्धेत स्कॉटलंडविरुद्ध तिने नाबाद ११० केल्या होत्या, मुलींच्या या विश्वचषकातलं पहिलं शतक. २०२३ मध्ये इंग्लंडला हरवून पहिला विश्वचषक जिंकला त्या संघातही ती होती. आणि तिच्या खेळासाठी वडिलांनी भद्राचलम सोडून सिकंदराबाद गाठलं होतं.

मिरचीवाली आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "आमीबी गाव सोडतोच जी. पोरगी मागं राहते."

तिची पोरगी तिथेच बसली होती. दहावीतली, सडपातळ, हातात भाचीने आणलेला लेदर बॉल. तो बॉल सामना सुरू झाल्यापासून मुलींमध्ये फिरत होता. त्यांनी आजवर रबरी आणि टेनिसच्या बॉलनेच खेळलेलं. "किती जड आहे," "लागत असेल ना," असं चाललं होतं. ही मात्र काही न बोलता शिवणीवर बोटं फिरवत होती.

आपल्या डावाला फार वेळ लागला नाही. कमलिनी ८ वर बाद झाली, मग त्रिशा आणि मुंबईची सनिका चाळके. ११.२ षटकांत १ बाद ८४. त्रिशा नाबाद ४४, सनिका नाबाद २६. सामन्याची आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू त्रिशाच: स्पर्धेत ३०९ धावा, ७ बळी. वैष्णवीच्या नावावर १७ बळी. खोलीत जो आवाज झाला त्याने गल्लीतली माणसं दारात आली. आजींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

उन्हं कलल्यावर प्राणहितेच्या घाटावर गेलो. पात्र प्रचंड, वाळूचे पट्टे, पलीकडे तेलंगणा. थोडं खाली ती गोदावरीला मिळते. सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते आणि मग ते सगळं पाणी भद्राचलमकडे जातं. मुली आमच्यासोबत आल्या होत्या आणि वाळूत त्रिशासारखं धावत येऊन बॉल टाकत होत्या.

रात्री बाजारात सगळ्यांच्या मोबाइलवर वानखेडे. अभिषेक शर्माने इंग्लंडविरुद्ध १३५ ठोकल्या होत्या. खेळी जबरदस्तच होती, आम्हीही पाहिली. पण चहावाल्याला मी सांगितलं की आज दुपारी पोरींनी विश्वचषक जिंकलाय. तो म्हणाला, "कोणत्या पोरींनी?" मग भाचीने त्याला पूर्ण धावफलक सांगितला, पहिल्या बळीपासून, आणि त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी: शाळेचं मैदान आणि परतीची वाट

सकाळी शाळेच्या मैदानावर. मुरमाची जमीन, एका बाजूला चिंचेचं झाड, यष्ट्या म्हणून बांबूच्या काड्या. भाचीने पकड कशी धरायची, मनगट कुठे वळवायचं ते दाखवलं. दहावीतल्या त्या पोरीने दोन बॉल भलतीकडे टाकले. तिसरा टप्पा पडून इतका वळला की यष्टीमागे उभा असलेला दादा उलट्या दिशेला वाकला. भाची माझ्याकडे आली, तोंड लाल झालेलं. "मावशी, हिचा बॉल माझ्यापेक्षा जास्त वळतो. आणि हिने काल पहिल्यांदा लेदर बॉल हातात घेतला."

मला त्या क्षणी आनंद झाला आणि लगेच राग आला. विदर्भातल्या मुलींनी मोठं क्रिकेट खेळलंय. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होती, अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारतासाठी टी-२० खेळली, अमरावतीचीच दिशा कासट महिला प्रीमियर लीगमध्ये बंगळूरच्या संघात होती. पण ही नावं शहरांची आहेत. भारतीय क्रिकेट मंडळाच्या १५ आणि १९ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धा होतात, म्हणजे दार आहे. सिरोंच्याच्या पोरीला त्या दारापर्यंत पोचायला एक अख्खा दिवस एसटीत बसावं लागतं, सोबत कोणीतरी मोठं माणूस लागतं, आणि तेव्हा आई खम्ममला मिरचीच्या शेतात असते. कोणी निवडकर्ता जिल्ह्याच्या या टोकाला वर्षातून एकदा आला, चार दिवस मॅटिंग टाकून मुलींना बॉल दिला, तरी चित्र बदलेल. १९ वर्षांची मर्यादा असलेल्या स्पर्धेत उशीर परवडत नाही. इथे तर त्याच वयात लग्नाचं बोलणंही चालू होतं.

दुपारी पूल ओलांडून कालेश्वरमला गेलो, एकाच शाळुंकेत दोन लिंगं असलेलं मंदिर. दर्शन लवकर झालं. तिथेच बातमी वाचली की मंडळाने विजेत्या संघाला आणि प्रशिक्षक नूशीन अल खादीर यांच्यासह सगळ्या सहकाऱ्यांना मिळून ५ कोटींचं बक्षीस जाहीर केलंय.

*जाणाऱ्यांसाठी:* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. पावसाळ्यात हा रस्ता टाळा. सिरोंच्यात राहण्याची सोय मोजकी आहे, आधी फोन करून ठरवा. वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडले आहेत, मुलं सोबत असतील तर नक्की दाखवा. अंधार पडल्यावर आलापल्लीकडे निघू नका, सकाळी निघा.

आम्हीही ती रात्र थांबून पहाटे निघालो. निघण्याआधी त्या आईशी बोलणं झालं. दहावीचे पेपर १७ मार्चला संपतात. ती तेव्हा मिरचीवरून परतलेली नसेल, म्हणून मैत्रीण स्वतः पोरीला घेऊन नागपूरला येणार. उन्हाळ्यात भाचीच्या मैदानावर शिबिर असतं. राहायचं आमच्याकडे. आईने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं, "जेवणाचे पैसे किती द्याचे?" मी म्हटलं, "येताना तुमच्या तिकडची मिरची पाठवा." तिने मैत्रिणीचा फोन घेऊन माझा नंबर तिच्यासमोरच आपल्या मोबाइलमध्ये टाकून घेतला. भाचीने तो लेदर बॉल पोरीकडेच ठेवला आहे, आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून व्हिडिओ मागवते.